परमुलखातले वकील : त्यांचा दिनक्रम, त्यांचे खेळ, त्यांचा व्यापार

'वकील' हा शब्द आज उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे काळा कोट व न्यायालयाची पायरी उभी राहते. परंतु दोनअडीचशे वर्षांपूर्वी हा शब्द निराळ्या माणसाचा होता. एका दरबाराने दुसऱ्या दरबारी पाठविलेला, धन्याचे बोलणे तेथे पोचविणारा, तेथील हालहवाल रोजच्या रोज धन्यास लिहून कळविणारा आणि हे करीत असता वर्षानुवर्षे परक्या मुलखात राहणारा माणूस म्हणजे वकील. त्यालाच कोणी एलची म्हणत, कोणी राजदूत म्हणत. तहनामे व करारमदार हे त्याचे काम खरे. परंतु तहाची कलमे ठरण्यास महिने लागत, आणि त्या महिन्यांत त्याला जेवावे लागे, आजारी पडावे लागे, कंटाळा घालवावा लागे, बाजारभाव विचारावा लागे. अशा वकिलांपैकी ज्यांनी आपली टिपणे मागे ठेवली, त्यांच्या लिखाणात तहाच्या कलमांइतकाच किंवा त्याहूनही अधिक बोध या किरकोळ नोंदींत भरलेला आहे, असे आम्हांस वाटते.

स्मरणिकेच्या या अंकात हा विषय घेण्यास कारणही तसेच आहे. आपल्या मंडळाच्या सभासद-कुटुंबांत आज असे घर विरळाच सापडेल की ज्यातील कोणी ना कोणी परदेशी नाही. कोणी नोकरीनिमित्त गेला, कोणी व्यापारासाठी, कोणाची कन्या संसार मांडून तिकडचीच झाली. परमुलखात राहणे म्हणजे काय, हा प्रश्न आता केवळ इतिहासाचा राहिलेला नाही. म्हणून आपल्या मुलखात वकील म्हणून येऊन राहिलेल्या काही परकीयांचे आणि परक्या मुलखात जाऊन राहिलेल्या आपल्या काही वकिलांचे स्मरण येथे करण्याचे योजिले आहे.

प्रारंभ सर टॉमस रो याच्यापासून करणे उचित होईल. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचा वकील म्हणून तो १६१५ च्या सप्टेंबरात सुरतेजवळ सुवाळीच्या बंदरात उतरला. राजाचा वकील म्हटला तरी त्याला पाठविण्याची गरज ईस्ट इंडिया कंपनीची होती, आणि त्याचा वर्षाचा सहाशे पौंड पगारही कंपनीच देत असे. म्हणजे अंगरखा राजाचा आणि पोट व्यापाऱ्याचे, असा हा प्रकार होता. सुरतेस उतरताच जकातीच्या अंमलदारांशी त्याचा खटका उडाला. राजाच्या वकिलाची व त्याच्या माणसांची अंगझडती घेता येणार नाही, असा त्याचा हट्ट. तेथून बऱ्हाणपूरच्या मार्गाने, वाटेत तापाने अंथरूण धरून, तो वर्षअखेर अजमेरास पोचला. १६१६ च्या जानेवारीत जहांगीर बादशहाची व त्याची पहिली भेट झाली. दरबारी रिवाजाप्रमाणे जमिनीस मस्तक न लावता आपल्या देशाच्या रीतीनेच मुजरा करीन, हे त्याने अगोदरच कबूल करून घेतले होते.

रो याची रोजनिशी वाचू लागले म्हणजे बादशाही दिनक्रमाचे चित्र हळूहळू स्पष्ट होत जाते. सकाळी झरोक्यातून दर्शन. दुपारी त्याच झरोक्याखाली हत्तींची व इतर जनावरांची झुंज. तिसऱ्या प्रहरी दरबार. आणि रात्री निवडक मंडळींसह गुसलखान्यातील बैठक. या रात्रीच्या बैठकीत मद्याचे प्याले चालत, बादशहास झोप आली की दिवे मालवले जात, आणि दरबारी मंडळींस अंधारात चाचपडत बाहेर पडावे लागे. बादशहाच्या वाढदिवशी रो याला रत्नजडित सुवर्णपात्रातून जे मद्य देण्यात आले ते इतके कडक होते की त्याला शिंक आली, आणि ते पाहून बादशहा हसला! राजकारणाच्या ग्रंथात या शिंकेला जागा नाही. तथापि चारशे वर्षांनंतर जहांगीर आपल्यासमोर माणूस म्हणून बसलेला दिसतो तो या असल्या नोंदींमुळेच.

हत्तींच्या झुंजी हा तेथील नित्याचा खेळ. पण रो याच्या मनात भरला तो झुंजीपेक्षा हत्तींचा मुजरा. वाढदिवशी सोन्यारुप्याच्या साखळ्या, घंटा व निशाणे लेवून थोर थोर हत्ती रांगेने पुढे येत व बादशहापुढे नमत. असा देखावा पाहिला नव्हता, अशा अर्थाची कबुली या मानी इंग्रजाने दिली आहे. दुसरा खेळ चित्रांचा. रो याच्याजवळ एक लहानसे इंग्रजी चित्र होते. आमचे चितारी याची हुबेहूब नक्कल करतील, अशी बादशहाने पैज मारली. रो याचा विश्वास बसेना. एके रात्री बादशहाने त्याच्यापुढे सहा चित्रे मांडली, त्यांतील पाच हिंदी चिताऱ्यांनी केलेल्या नकला होत्या. मेणबत्तीच्या उजेडात आपले मूळ चित्र ओळखण्यास रो याला बरेच न्याहाळावे लागले. त्याने आणलेल्या इंग्रजी घोडागाडीचीही हीच गत. बादशाही कारागिरांनी तशीच दुसरी गाडी बनविली. मूळ गाडीचे आतील कापड काढून तेथे जरीचे लावले, पितळी खिळ्यांच्या जागी रुप्याचे खिळे ठोकले, आणि ती नूरजहान बेगमेच्या स्वारीस दिली. इंग्लंडहून आणलेला नजराणा येथील कारागिरीपुढे किती फिका पडत होता, हे यावरून ध्यानात यावे.

व्यापाराची अडचण नेमकी येथेच होती. इंग्रजांचे लोकरी कापड या उष्ण देशात खपेना. उलट येथील सुती कापड, नीळ व मसाले त्यांना हवे होते. देण्यास माल नाही म्हणून रोख चांदी मोजावी लागे. रो याला सबंध राज्यास लागू पडेल असा पक्का तह हवा होता, आणि तो काही त्याला मिळाला नाही. बादशाही तळाबरोबर अजमेराहून मांडवगडास, तेथून पुढे अहमदाबादेस, अशी तीन वर्षे त्याने काढली आणि काही फर्माने घेऊन १६१९ च्या आरंभी तो परतला. त्याला फारशी येत नव्हती. ज्याच्या मुखाने बोलायचे तो दुभाषा धन्याच्या नाराजीस भिऊन कडक शब्द गिळून टाकी, अशी त्याची तक्रार होती. परमुलखात भाषा न येणे म्हणजे आपली जीभ दुसऱ्याच्या तोंडी गहाण ठेवणेच होय.

याच रो याने १६१६ च्या नोव्हेंबरात कंपनीस एक सल्ला दिला होता. किल्ले बांधू नका, फौजा पोसू नका. पोर्तुगीजांनी मुलूख व ठाणी मिळविली खरी, परंतु ती सांभाळण्याच्या खर्चाने ते नागवले गेले. नफा हवा तर तो समुद्रावर व शांततेच्या व्यापारात शोधा, असा त्याचा आशय होता. हा सल्ला कंपनीने किती दिवस पाळला आणि केव्हा सोडला, हे पुढील दोनशे वर्षांचा आपला इतिहास सांगतोच. येथे एक गोष्ट मात्र मुद्दाम नमूद करावयाची आहे. ज्या जहांगीराच्या दरबारी रो याने तीन वर्षे घालविली, त्या जहांगीराने स्वतः आपल्या कारकीर्दीची हकीकत लिहून ठेवली आहे, आणि तीत रो याचे नावसुद्धा नाही! बादशहाच्या दृष्टीने तो नाव घेण्याजोगा माणूसच नव्हता. तरीही आज त्या दरबाराचे वर्णन करताना शाळकरी पुस्तकापासून मोठ्या ग्रंथापर्यंत सर्वांना रो याचा आधार घ्यावा लागतो. दरबार ज्याला विसरला त्यानेच दरबार लक्षात ठेवला.

आता अजमेराहून आपण आपल्या सह्याद्रीत येऊ. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेकाची तयारी चालू असता मुंबईच्या इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन हा चौलच्या मार्गाने निघून मे महिन्यात पाचाडास पोचला. त्याला मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड आंजियर याने पाठविले होते. कामे मुख्यतः दोन. राजापूरची इंग्रजांची वखार १६६१ साली मराठ्यांनी लुटली होती, तिची भरपाई मागणे. आणि समोरच्या मुलखाशी व्यापार मोकळा करून घेणे. मुंबई हे तेव्हा लहानसे बेट. धान्य आणि जळाऊ लाकूड यांसाठीही त्याला पलीकडच्या किनाऱ्याकडे पाहावे लागे. राजापूरची वखार लुटली गेली ती काही अकारण नव्हे. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात त्याच वखारीच्या इंग्रजांनी आदिलशाही फौजेस तोफगोळ्यांची मदत केली होती. व्यापारी म्हणून आलेल्याने दुसऱ्याच्या युद्धात हात घातला की वखारीस आग लागते, हा धडा त्यांना रो याचा सल्ला न ऐकल्याबद्दलच मिळाला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

ऑक्झिंडेनची रोजनिशी म्हणजे रायगडाकडे पाहणारी परक्याची नजर. गडाची चढण, कातळात खोदलेल्या पायऱ्या पाहून त्याने लिहिले ते असे की फितुरीवाचून हा गड कोणाच्या हाती पडणे नाही. महाराज तेव्हा प्रतापगडास भवानीच्या दर्शनास गेले होते, म्हणून त्याला पाचाडास काही दिवस थांबावे लागले. महाराजांची सुवर्णतुला झाली आणि तीत सोळा हजार होनांचे वजन भरले, हेही त्याने टिपून ठेवले. ६ जून रोजी, म्हणजे ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस, सिंहासनाच्या दोन्ही बाजूंस भाल्यांच्या टोकांवर काय काय होते ते त्याने पाहिले: सोन्याचे मोठ्या दातांचे मासे, घोड्यांच्या शेपट्या आणि न्यायाचे चिन्ह म्हणून सोन्याचा तराजू. महाद्वाराशी दोन लहान हत्ती व दोन देखणे घोडे उभे होते. इतक्या अवघड वाटेने ही जनावरे गडावर आणली तरी कशी, याचा त्याला उलगडा झाला नाही.

त्याच्या मुक्कामातील एक गोष्ट डॉक्टर जॉन फ्रायर याने आपल्या १६९८ साली छापलेल्या प्रवासग्रंथात दिली आहे. गडावरील मंडळींचे जेवण म्हणजे बहुधा खिचडी आणि तूप. इंग्रजांना मात्र रोज मांस हवे. ते पुरविणारा एक म्हातारा खाटीक गडाखाली होता. त्याचे मांस एरवी कितीसे खपणार! या चार परदेशी माणसांनी थोड्या दिवसांत जेवढे मांस फस्त केले तेवढे आपण वर्षानुवर्षे विकले नाही, हे पाहून तो म्हातारा केवळ या गिऱ्हाइकांचे तोंड पाहण्यासाठी गड चढून वर आला. या हकीकतीत थट्टा आहे, परंतु तीत एक मोठे सत्यही आहे. परमुलखात आपण जेवढे दुसऱ्यांना न्याहाळतो तेवढेच दुसरेही आपणांस न्याहाळीत असतात.

बोलणी निराजीपंडितांच्या मार्फत चालली. त्यांत मराठी बाजूने दिलेली उत्तरे आजच्या व्यापाऱ्यानेही मनन करावीत अशी आहेत. इंग्रजांचे नाणे आमच्या मुलखात चालावे, हे कलम पुढे येताच उत्तर मिळाले की त्याचे कलम कशाला हवे. रयत जे नाणे आपखुशीने घेईल त्यास आमची मनाई नाही. किनाऱ्यास लागलेली फुटकी गलबते मालासह परत मिळावीत, या मागणीवर सांगण्यात आले की कोकणपट्टीची जुनी वहिवाट तशी नाही, आणि तुम्हांस सवलत दिली तर उद्या फ्रेंच व डच तीच मागतील. जंजिऱ्याच्या सिद्दीशी सख्य करावे, ही इंग्रजांची शिष्टाई महाराजांनी मानली नाही. शेवटी शेकडा अडीच जकातीने व्यापार करण्याची मोकळीक आणि राजापूरच्या नुकसानीदाखल दहा हजार होन, या मुख्य गोष्टींसह बहुतेक कलमे मान्य होऊन जूनच्या मध्यास ऑक्झिंडेन मुंबईस परतला. कागदावर रक्कम ठरली तरी पुढे बरीच वर्षे इंग्रज त्या रकमेच्या मागे लागलेले दिसतात. कलम मिळविणे निराळे आणि वसूल करणे निराळे, हे कोणत्याही पेढीवरील मुनीम सांगेल.

या सगळ्या प्रसंगात आणखी एक माणूस उभा आहे. राज्याभिषेकाच्या दिवशी ऑक्झिंडेनने दुरून मुजरा केला तेव्हा नजराण्याची हिऱ्याची अंगठी हातात उंच धरून दाखविणारा, त्याचा दुभाषा नारायण शेणवी. हे नाव ऐकताच आपल्यापैकी कित्येकांचे कान टवकारतील. ते स्वाभाविक आहे. परंतु आमच्या मते येथे ज्ञातीच्या अभिमानापेक्षा विचार अधिक करण्यासारखा आहे. ऑक्झिंडेन येण्यापूर्वीच, एप्रिल १६७४ मध्ये, नारायण शेणवी रायगडास जाऊन आला होता. महाराज पत्नीशोकात असल्यामुळे त्याला थांबावे लागले, निराजीपंडितांची भेट झाली, जूनमध्ये राज्याभिषेक होणार, त्या वेळी इंग्रजांनी एखादा मातबर माणूस नजराणा देऊन पाठवावा, असे त्याने मुंबईस कळविले. म्हणजे ऑक्झिंडेनची वाट ज्याने आखली तो हा. त्याचे ते पत्र आपणास वाचावयास मिळते ते इंग्रजांच्या दप्तरातील इंग्रजी अनुवादाच्या रूपाने. रायगडावर नारायण शेणवी स्वतः काय जेवला, त्याला ते सिंहासन पाहून काय वाटले, परक्याच्या चाकरीत राहून आपल्या राजाचा अभिषेक पाहताना त्याच्या मनात काय कालवाकालव झाली, यांपैकी एक अक्षरही आपल्या हाती नाही. इंग्रजांच्या मेजवानीतील मांसाचा हिशेब उरला. आपल्या माणसाचे मन उरले नाही.

यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी चार्ल्स मॅलेट हा कंपनीचा रेसिडेंट म्हणून १७८६ साली पुण्यास आला व मुळा-मुठेच्या संगमावर त्याचे ठाणे पडले. तत्पूर्वी त्याची बरीच वर्षे खंबायतेस गेली होती. गुजरातचा कापूस मुंबईहून चीनला जात असे, तेव्हा त्या व्यापाराचे मर्म त्याला ठाऊक असणे क्रमप्राप्तच होते. टिपूविरुद्ध १७९० साली झालेला तह त्याच्याच हातचा. या तहाच्या दरबाराचे टॉमस डॅनियलने १८०५ साली रंगविलेले मोठे चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. परंतु मॅलेटच्या पुण्यातील मुक्कामाचे खरे फळ निराळेच. जेम्स वेल्स नावाचा चितारी त्याच्या आश्रयाने पुण्यास आला. त्याने सवाई माधवराव व नाना फडणीस यांची चित्रे काढली, आणि इंग्रजी पद्धतीचे चित्रकाम येथील मुलांना शिकविण्याची सोय पुण्यात झाली. गंगाराम तांबट हा पुण्याचा कलावंत याच मंडळींच्या सहवासात पुढे आला. त्याने वेरूळच्या लेण्यांची रेखाटने केली, पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे चित्र काढले. स्वतः मॅलेटने वेरूळवर निबंध लिहिला. वेल्स १७९५ साली वारला, मॅलेट १७९७ मध्ये पुणे सोडून गेला आणि पुढे त्याने वेल्सच्याच कन्येशी विवाह केला. गंगारामाची चित्रे टिकली; पण ती पाहण्यास आपल्याला समुद्रापलीकडील संग्रहांचे दरवाजे ठोठावावे लागतात.

मॅलेटच्या मागून काही वर्षांनी आलेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा या सर्वांत अधिक अभ्यासू. भाल्याने रानडुकराची शिकार हा त्याचा आवडता खेळ; पहाट ग्रीक ग्रंथ वाचण्यात घालवावी आणि मग घोड्यावर मांड टाकून रानात शिरावे, असा त्याचा परिपाठ. पुण्यास रेसिडेंट म्हणून येण्यापूर्वी तो १८०८ मध्ये काबूलच्या दरबारी वकील म्हणून निघाला आणि १८०९ साली पेशावर येथे शाह शुजाची व त्याची भेट झाली. गंमत अशी की काबूलच्या राज्यावर त्याने १८१५ साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, परंतु काबूल शहर त्याने पाहिलेच नाही. पेशावरहूनच तो परतला. व्यापारी, यात्रेकरू, मौलवी, जो भेटेल त्याला प्रश्न विचारून त्याने माहिती जमविली. काफिल्यांच्या वाटा, घोड्यांचा व सुक्या मेव्याचा व्यापार त्यात आहेच. पण अफगाणांचे खेळही आहेत. मोठाली दाढीवाली माणसे गोट्या खेळतात, आणि एक पाय हाताने धरून एका पायावर उड्या मारीत प्रतिपक्षास पाडण्याचा, आपल्या लंगडीची आठवण करून देणारा खेळ खेळतात, अशा नोंदी त्याने केल्या आहेत. मेंढ्यांच्या व लाव्यांच्या झुंजी, माळरानावर घोडेस्वारांनी घेरा घालून केलेली शिकार, हेही त्याने लिहिले. ज्या लोकांचे खेळ ठाऊक झाले त्या लोकांचा स्वभाव अर्धा अधिक कळला, हे तो पक्के जाणून असावा.

याच माणसाच्या डोळ्यांसमोर ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, खडकीच्या लढाईच्या दिवशी, संगमावरील रेसिडेन्सी जळाली व तिच्याबरोबर त्याची पुस्तके आणि कागदही गेले. तथापि जळालेल्या कागदांच्या जागी त्याने पुन्हा लिहावयास घेतले. मुंबईचे गव्हर्नरपद भोगून मायदेशी गेल्यावर १८४१ साली त्याने हिंदुस्थानचा इतिहास प्रसिद्ध केला. रेसिडेंटच्या शिकारीतून, प्रश्नांतून व टिपणांतून आपला मुलूख परक्याच्या वहीत उतरत होता. पुढे जे राज्य गेले ते केवळ तोफांनी गेले नाही, वहीनेही गेले, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मग आपले वकील काय करीत होते, असा प्रश्न वाचकांच्या मनात उभा राहील. ते लिहीत नव्हते असे मात्र कोणी समजू नये. दिल्लीस हिंगणे, हैदराबादेस गोविंदराव काळे यांनी पाठविलेली पत्रे वाचली म्हणजे त्यांच्या बारीक नजरेची खात्री पटते. गोव्याच्या पोर्तुगीज सरकारचे पुणे दरबारातील वकील तर बहुधा आपल्याकडीलच असत. १७७९ च्या तहाच्या वेळी पोर्तुगीजांकडून पुण्यास नारायण विठ्ठल धुमे हे होते. असल्या वकिलांची माहिती डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी गोव्याच्या दप्तरखान्यातून शोधून १९५२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, म्हणून ती नावे आज आपल्या ओठांवर आहेत. पुण्यातील पेशवे दप्तराचे पंचेचाळीस भाग गो. स. सरदेसाई यांनी संपादिले नसते तर किती तरी पत्रे रुमालांतच राहिली असती.

समुद्रापलीकडेही आपले वकील गेले. रघुनाथरावाचा वकील हणमंतराव हा ब्राह्मण मणियार रतनजी या पारशी गृहस्थासह १७८१ साली लंडनमध्ये होता. त्या परक्या शहरात त्यांच्या आचारधर्माची व स्वयंपाकाची अडचण जाणून प्रसिद्ध संसदपटू एडमंड बर्क याने त्यांना आपल्या बीकन्सफील्डच्या घरी नेले आणि बागेतील काचघर त्यांच्या सोवळ्याओवळ्यासाठी मोकळे करून दिले. विलायतेत, झाडांसाठी बांधलेल्या त्या काचघरात एक महाराष्ट्रीय ब्राह्मण आपला भात शिजवीत आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणावे. ते आपणांस ठाऊक आहे ते बर्कच्या बाजूच्या कागदांवरून. त्या भाताची चव कशी लागली, हे हणमंतरावाच्या हातचे कोठेही वाचावयास मिळत नाही. त्यानंतर साठ वर्षांनी साताऱ्याचे प्रतापसिंह छत्रपती यांची बाजू मांडण्यास रंगो बापूजी लंडनला गेले आणि धनी वारल्यावरही न डगमगता १८५३ पर्यंत, सुमारे चौदा वर्षे, तेथे झगडत राहिले. त्यांनी मात्र कंपनीच्या भागीदारांच्या सभांत भाषणे केली, पत्रके छापली. न्याय मिळाला नाही; परंतु कागद राहिला, आणि त्या कागदावरून प्रबोधनकार ठाकरे यांना त्यांचे चरित्र लिहिता आले.

या सर्व वृत्तांतावरून आम्हांस दोन गोष्टी ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवावयाच्या आहेत. पहिली अशी की परकीय वकिलांचे लिखाण जसेच्या तसे प्रमाण मानू नये. रो याला दरबारातील पुष्कळशा गोष्टी दुभाष्याच्या मुखातून कळल्या. ऑक्झिंडेन सौद्याला आला होता, यात्रेला नव्हे. मॅलेट व एल्फिन्स्टन यांच्या जिज्ञासेच्या पाठीशी कंपनीचा स्वार्थ उभा होता. त्यांना जे दिसले ते त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलेही असेल, परंतु जे दिसले नाही ते त्यांच्या वहीत नाही. ते लिहिण्याचे काम आपले होते.

दुसरी गोष्ट याहून जवळची आहे. आपल्यातील पुष्कळ जुन्या घरांच्या माळ्यावर, देवघरालगतच्या पेटीत, मोडी कागदांचे रुमाल, दुकानाच्या खतावण्या, परगावाहून आलेली पत्रे अजून पडलेली असतात. मोडी वाचता येत नाही म्हणून ती कोणी उलगडीत नाही, आणि पावसाळ्यागणिक वाळवी तीतील चार पाने कमी करते. आज परदेशी असलेल्या मुलामुलींचे बोलणे तर कागदावर येतच नाही. दूरध्वनीवर रोज बोलणे होते, चित्रेही पाठविली जातात, आणि यंत्र बदलले की सर्व नाहीसे होते. जहांगीराच्या दरबारातील शिंक चारशे वर्षे टिकली; आपल्या नातवाने परदेशातील पहिल्या हिवाळ्यात काय शिजविले, सुटीच्या दिवशी कोणता खेळ शिकला, कोणाशी कसा व्यवहार केला आणि कोठे ठकला, हे चार वर्षेही टिकणार नाही.

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. ज्या घरी जुने कागद असतील त्यांनी ते मोडी जाणणाऱ्याकडून एकदा वाचवून त्यांची यादी करावी. कागद घरीच राहोत, यादी मंडळाकडे यावी. आणि जे परदेशी आहेत त्यांनी वर्षातून एकदा तरी, तहाची भाषा न वापरता, आपल्या रोजच्या जगण्याची चार पाने स्वहस्ताने लिहून घरी पाठवावीत. काय जेवलो, काय खेळलो, काय विकले, काय घेतले, कोणी आपलेसे केले आणि कोणी नाही, इतके पुरे. पुढील अंकांत अशा पानांना जागा मिळावी, अशी संपादक मंडळास आमची विनंती आहे. नारायण शेणव्याच्या हातातील अंगठी इंग्रजांनी नोंदविली. आपल्या हातात काय होते, हे यापुढे आपणच नोंदविले पाहिजे.